'अरख्त' : उपाशी मेलेल्यांच्या भाषेत

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर जिथे आजही आयरिश ही घरची भाषा आहे, तिथे १८४५ ते १८५२ या वर्षांना 'अन द्रॉखहील' म्हणतात. 'द्रॉख' म्हणजे वाईट. त्याला जोडलेला शब्द आयुष्य, काळ आणि जग या तिन्ही अर्थांनी चालतो. मराठी वाचकाला हे नाव उलगडून सांगावे लागत नाही, कारण आपला 'दुष्काळ' असाच घडलेला आहे. दोन्ही शब्दांत भूक नाही, धान्य नाही, पाऊसपाणीही नाही. काळ नासला, एवढेच ते सांगतात.

तोमास ओ सूलवान यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला 'अरख्त' हा चित्रपट त्या नासलेल्या काळात घडतो. 'अरख्त' म्हणजे राक्षस. नोव्हेंबर २०१९ मध्ये एस्टोनियातल्या टॅलिन शहराच्या महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला. पुढे ९३व्या ऑस्कर स्पर्धेसाठी आयर्लंडने आपला अधिकृत चित्रपट म्हणून त्याची निवड केली. चित्रपट आयरिश भाषेत आहे. थोडी इंग्रजी ऐकू येते, पण ती जमीनदाराची आणि सत्तेची. हे चार शब्द मी मराठी प्रेक्षकासाठी लिहितो आहे, कारण 'अरख्त' काहीच समजावून सांगत नाही. करपा का आला, खंड का वाढला, माणसे समुद्राकाठी असून उपाशी का मेली, हे आयरिश प्रेक्षकाला लहानपणापासून ठाऊक असते. आपल्याला ते ठाऊक नसले तर चित्रपट केवळ एका माणसाच्या दुर्दैवाची गोष्ट वाटेल. तो तेवढाच नाही.

गोष्ट थोडक्यात सांगतो. शेवट सांगणार नाही.

साल १८४५. कॉनेमाराच्या खडकाळ किनाऱ्यावर कोलमान शार्की हा मासेमार बायको आणि लहान मुलासह राहतो आहे. गावचे पाद्री एका परक्या माणसाला त्याच्याकडे घेऊन येतात आणि याला आसरा दे म्हणतात. हा पॅटसी नेपोलियनच्या युद्धांत लढलेला जुना शिपाई. तो येतो आणि त्याच्या मागोमाग बटाट्यावरचा करपा येतो. शेते कुजत असतानाच जमीनदार खंड वाढवतो. कोलमान, त्याचा भाऊ आणि पॅटसी वाढ थांबवण्याची विनंती करायला जमीनदाराच्या घरी जातात. विनंती ऐकली जात नाही, आणि त्यानंतर पॅटसी जे करतो त्यामुळे कोलमानचे सारे आयुष्य उधळले जाते. काही काळाने तो आपल्याला पुन्हा दिसतो तेव्हा कडेकपारीत लपून जगणारा, हाडांचा सापळा झालेला माणूस असतो. त्या अवस्थेत त्याला किटी नावाची एक टाकून दिलेली मुलगी सापडते. कोलमानचे काम डोनल ओ हेली यांनी केले आहे, किटीचे काम साशे नी ख्विन या मुलीने, पॅटसीचे दारा डेव्हनी यांनी आणि जमीनदाराचे मायकेल मॅकेलहॅटन यांनी.

आता त्या बटाट्याविषयी.

कॉनेमाराची जमीन म्हणजे दगड, दलदल आणि मधे मधे मातीचा पातळ थर. तिथे गहू पिकत नाही. ओट पिकले तर ते खंडापोटी जाते. पिकतो तो बटाटा. किनाऱ्यावरचे लोक समुद्राचे शेवाळ पाठीवरून वाहून आणत, ते खडकावर पसरत, त्यावर माती चढवून वरंबे घालत आणि त्यात बटाटा लावत. माती नव्हती तिथे ती त्यांनी अशी हाताने तयार केली. ज्या वरंब्यांचे मालक मेले किंवा निघून गेले, ते डोंगरउतारावर आजही हिरव्या रेघांसारखे दिसतात. लम्पर नावाचा वाण सर्वांत जास्त लावला जाई. चवीला बेताचा, पाणचट, पण हलक्या जमिनीत भरपूर येणारा. काम करणारा पुरुष दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खाई, सोबत ताक. ऐकायला अविश्वसनीय वाटते, पण दुसरे काही ताटात नव्हतेच. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाख ७५ हजार भरली. त्यातले सुमारे ३० लाख लोक जवळजवळ केवळ बटाट्यावर जगत होते.

१८४५ च्या उन्हाळ्याअखेर पाने काळी पडू लागली. खेड-आंबेगावकडच्या शेतकऱ्याला हा रोग दाखवायची गरज नाही. उशिरा येणारा करपा तो हाच, आणि ढगाळ, दमट हवेत तो आजही आपल्याकडच्या बटाट्यावर आणि टोमॅटोवर येतो. आपण आज फवारणी करतो. तेव्हा कोणाला काय झाले तेच कळत नव्हते. काढलेला चांगला बटाटाही साठवणीत आठवड्याभरात काळा चिखल होई आणि त्याची दुर्गंधी दूरवर पसरे. पहिल्या वर्षी पिकाचा एक भाग वाचला. १८४६ मध्ये जवळजवळ सगळे गेले. १८४७ मध्ये रोग कमी होता, पण बियाण्याचे बटाटेही लोकांनी खाऊन टाकले होते, म्हणून लागवडच थोडी झाली. १८४८ मध्ये करपा परत आला. एका वर्षाचा मार माणूस सोसतो. आयर्लंडवर ओळीने येत राहिला.

मराठी प्रेक्षक, विशेषतः कोकणातला, इथे एक प्रश्न हमखास विचारील. कोलमान तर मासेमार आहे. समोर समुद्र पसरलेला आहे. मग उपासमार कशी? हा प्रश्न नीट धरला की दुष्काळ म्हणजे काय असतो ते कळते.

कॉनेमाराच्या मासेमाराकडे असे ती कुरख नावाची होडी, लाकडी कामट्यांच्या सांगाड्यावर डांबर फासलेले आवरण ताणून केलेली. हलकी, चपळ, दोन माणसांनी डोक्यावर उचलून नेण्याजोगी. खाडीत ती उत्तम. पण मोठा मासा दूर खोल पाण्यात, आणि अटलांटिकच्या हिवाळ्यात ही होडी तिथे नेणे म्हणजे मरण. पावसाळ्यात होड्या वर ओढून शाकारून ठेवणाऱ्या आपल्या कोळ्यांना हे सांगायला नको: डोळ्यांसमोर असलेला समुद्र हाताशी असतोच असे नाही. शिवाय हे लोक मासेमार होते तसे बटाट्याचे शेतकरीही होते. मासा विकायचा, बटाटा खायचा, असा हिशेब होता. बटाटा गेल्यावर पीठ विकत घ्यावे लागले. त्यासाठी पैसे हवेत म्हणून आधी जाळी गहाण पडली, मग होडी. गॉलवे शहराला लागून असलेल्या क्लॅडा या कोळीवाड्यात १८४७ च्या हिवाळ्यात हेच झालेले दिसले. मदतीला गेलेल्या क्वेकर पंथाच्या लोकांनी तिथे गहाणातली जाळी सोडवून घ्यायला कर्जे दिली. समुद्रात मासा होता आणि जाळे सावकाराच्या कोठीत होते. ज्यांच्याजवळ काहीच उरले नाही त्यांनी ओहोटीला खडकांवरचे शिंपले खरवडले, शेवाळ उकळून खाल्ले. 'अरख्त'मध्ये किनारा सतत दिसत राहतो. तो केवळ सुंदर देखावा म्हणून पाहू नका.

सरकारने काय केले हेही सांगितले पाहिजे, कारण चित्रपटात ते पडद्याबाहेर राहते. ब्रिटनचे पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी १८४५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतून १ लाख पौंडांचा मका गुपचूप मागवला. तो इतका कठीण होता की दोनदा दळावा लागे. लोकांना तो शिजवता येत नव्हता, पोटे बिघडत, आणि त्याच्या पिवळ्या रंगावरून त्याला पीलचा गंधक म्हणू लागले. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेला लाल मिलो आणि सुकडी खाऊन ज्यांनी दिवस काढले, त्यांच्या जिभेला या पिवळ्या पिठाची ओळख पटेल. पण ते निदान पीठ होते. १८४६ मध्ये पील गेले, जॉन रसेल आले, आणि मदतीची सूत्रे खजिन्यातले अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेलियन यांच्या हाती एकवटली. बाजारात सरकारने हात घालू नये यावर त्यांची अढळ श्रद्धा होती. अन्न फुकट वाटू नये, आधी काम घ्यावे. त्यातून खडी फोडण्याची आणि रस्त्यांची कामे निघाली. १८४७ च्या मार्चमध्ये ७ लाख १४ हजार माणसे अशा कामांवर होती. पश्चिम आयर्लंडमध्ये त्यांतले काही रस्ते अजून आहेत. ते डोंगराच्या मध्यावर संपतात, कुठेच जात नाहीत.

उपाशी माणूस दगड फोडू शकत नाही, हे सरकारला त्या हिवाळ्यात समजले. मग कामे बंद करून सुपाची केंद्रे उघडली. जुलै १८४७ मध्ये रोज सुमारे ३० लाख लोकांना शिजवलेले अन्न मिळत होते. म्हणजे ते जमत होते. हे वाक्य मी मुद्दाम वेगळे लिहितो, कारण ही गोष्ट विसरली जाते. इच्छा होती तेवढे महिने यंत्रणा चालली. त्याच वर्षी शरद ऋतूत केंद्रे बंद झाली आणि सारा भार स्थानिक करांवर, म्हणजे ज्या जिल्ह्यांत कोणाकडेच काही नव्हते त्याच जिल्ह्यांवर, टाकण्यात आला. खुद्द गॉलवेतले जमीनदार असलेले विल्यम ग्रेगरी यांनी कायद्यात एक कलम घालून घेतले: पाव एकराहून जास्त जमीन कसणाऱ्याला मदत मिळणार नाही. कुळाने जमीन सोडायची किंवा उपाशी मरायचे. जमीन सोडली की झोपडीचे छप्पर उतरवायला माणसे तयारच असत. लहान कुळांच्या जमिनीचा कर जमीनदारावर पडत होता, त्यामुळे कूळ हाकलणे त्याला फायद्याचे होते. दुष्काळाच्या सर्व वर्षांत ब्रिटिश खजिन्यातून सुमारे ८० लाख पौंड आयर्लंडसाठी खर्च झाले. त्याच्या दहा-बारा वर्षे आधी गुलामगिरी रद्द करताना गुलामांच्या मालकांना याच खजिन्याने २ कोटी पौंडांची भरपाई दिली होती.

मेयो परगण्यातली एक घटना सांगून हा भाग आवरतो. मार्च १८४९ च्या अखेरीस लुईसबर्ग येथे मदतीला पात्र आहोत हे दाखवण्यासाठी जमलेल्या लोकांना सांगण्यात आले की तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी डेल्फीच्या शिकारबंगल्यावर होईल. डेल्फी १२ मैलांवर, डोंगरातल्या डूलॉख तळ्याच्या पलीकडे. शेकडो माणसे रात्री त्या थंडीपावसात चालत निघाली. तिथे पोहोचल्यावर त्यांना काही मिळाले नाही. परतताना कितीतरी जण तळ्याकाठी वाटेतच मेले. आज त्या रस्त्यावर एक साधा दगडी क्रूस उभा आहे.

हेच ट्रेव्हेलियन पुढे १८५९ मध्ये मद्रासचे गव्हर्नर होऊन भारतात आले आणि १८६२ पासून तीन वर्षे भारत सरकारचे अर्थसदस्य होते. १८७६-७८ च्या दुष्काळाच्या वेळी ते इथे नव्हते, पण विचार तोच होता. ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी दिवसाला पौंडभर धान्याइतकी मजुरी ठरवली, आणि गरजू कोण हे पाहण्यासाठी लोकांना मुद्दाम लांबच्या कामांवर चालत पाठवले. दख्खनमधली माणसे त्या मजुरीत मेली. सावित्रीबाई फुले यांनी एप्रिल १८७७ मध्ये ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात तो दुष्काळ आहे. डूलॉखचा रस्ता आणि आपल्या दुष्काळी कामांचे रस्ते एकाच कागदावर आखले गेले होते, असे मला हे सारे वाचताना सतत वाटत राहिले.

तरी 'अरख्त'मधल्या जमीनदाराला पाहताना एक माणूस लक्षात ठेवावा. कॉनेमारात बॅलिनाहिंचच्या मार्टिन घराण्याची सुमारे दोन लाख एकरांची जहागीर होती, कर्जात बुडालेली. थॉमस मार्टिन १८४७ मध्ये क्लिफडनच्या गरीबखान्यात आपल्या कुळांना भेटायला गेले, तिथे त्यांना तापाची लागण झाली आणि ते वारले. या दुष्काळात पोट रिकामे राहून मेलेल्यांपेक्षा ताप आणि हगवणीने मेलेले कितीतरी अधिक. मार्टिन यांची जहागीर पुढे लंडनच्या एका विमा कंपनीकडे गेली. कुळांची नावे कधी न ऐकलेल्या लोकांच्या वहीत ती जमीन एक आकडा होऊन बसली.

एकूण सुमारे १० लाख माणसे मेली. दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. १८५१ च्या जनगणनेत ८१ लाख ७५ हजारांचे ६५ लाख ५२ हजार उरले. कॉनेमारा ज्यात येतो त्या कॉनक्ट प्रांतात दर दहांतले जवळजवळ तीन नाहीसे झाले होते.

आणि आता मला ज्याविषयी मुख्यतः बोलायचे आहे त्याकडे येतो. ही माणसे कोणत्या भाषेत मेली?

करपा देशभर आला, पण सर्वांना सारखा लागला नाही. ज्यांची जमीन सर्वांत वाईट आणि ज्यांच्याकडे बटाट्याशिवाय काही नव्हते, ते पश्चिमेचे आणि दक्षिणेचे लोक होते, आणि आयरिश बोलणारे मुख्यतः तेच होते. दुष्काळाच्या तोंडावर आयरिश बोलणाऱ्यांची संख्या अभ्यासक ३० ते ४० लाख धरतात. १८५१ मध्ये जनगणनेने प्रथमच भाषेची चौकशी केली तेव्हा १५ लाख २४ हजार निघाले. ज्यांना आयरिशखेरीज दुसरी भाषाच येत नव्हती असे उरले होते ३ लाख १९ हजार ६०२.

मेलेले मेले. उरलेल्यांचे काय झाले ते अधिक दुःखाचे आहे. आयरिश भाषा आणि उपासमार एकाच घरात राहतात, अशी त्यांच्या मनाची समजूत झाली. मुलाला बोस्टनला किंवा लिव्हरपूलला पाठवायचे तर इंग्रजी हवी. आईबाप आपसांत आयरिश बोलत आणि मुलांशी, येत असेल तशा मोडक्या इंग्रजीत. शाळेत मुलाच्या गळ्यात एक काठी बांधत. तोंडातून आयरिश शब्द निघाला की काठीवर खाच पाडायची आणि दिवसाअखेर खाचा मोजून मार द्यायचा. अशा कित्येक आठवणी लोककथा जमवणाऱ्यांनी पुढे टिपून ठेवल्या. मातृभाषेत मुलाला झोपवायचे नाही असे एखादी आई ठरवते, तेव्हा तिच्या मनात काय चालले असेल? तिला भाषेची लाज वाटत होती असे मला वाटत नाही. आपले मूल जगावे असे वाटत होते.

त्यामुळे दुष्काळाची गोष्ट पुढच्या पिढ्यांना सांगितली गेली ती बहुतेक इंग्रजीत. लायम ओफ्लाहर्टी यांची 'फॅमिन' ही मोठी कादंबरी १९३७ ची. ते जन्मले अरान बेटावर, आयरिशच्या कुशीत, तरी ती कादंबरी इंग्रजीतच आहे. त्याच सुमारास, १९३५ मध्ये, आयर्लंडने लोकसाहित्य आयोग नेमला आणि दुष्काळाला शंभर वर्षे झाली तेव्हा १९४५ मध्ये त्या आयोगाने गावोगाव प्रश्नावली पाठवून म्हाताऱ्यांकडून आठवणी लिहून घेतल्या. तोवर भाषेने तग धरला होता म्हणून त्या आठवणी त्यांच्या मूळ शब्दांत मिळाल्या.

पडद्यावर आयरिश यायला आणखी उशीर लागला. रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी १९३४ मध्ये अरान बेटांवर 'मॅन ऑफ अरान' काढला. लाटा अप्रतिम, माणसे अप्रतिम, पण त्या माणसांच्या घरची भाषा त्यात नाही. संपूर्ण आयरिश भाषेतला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट बॉब क्विन यांचा 'पोचीन', तोही कॉनेमारात घडणारा, १९७८ चा. पोचीन ही तिथली हातभट्टीची दारू. १९७२ मध्ये आयरिश आकाशवाणी सुरू झाली ती गेलतख्त, म्हणजे आयरिशभाषक पट्ट्यातल्या तरुणांच्या चळवळीनंतर. १९९६ मध्ये दूरचित्रवाहिनी आली, आजची टीजी४, आणि तिचे मुख्य केंद्र कॉनेमारातल्या बाल्या न हावन या छोट्या गावात आहे. २०१७ मध्ये या वाहिनीने, आयर्लंडच्या चित्रपट संस्थेने आणि प्रसारण प्राधिकरणाने मिळून 'सिने४' ही योजना काढली: दरवर्षी आयरिश भाषेतल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटांना पैसे द्यायचे. 'अरख्त' या योजनेतून झाला. त्याच योजनेतून पुढे आलेला कोलम बरेद यांचा 'अन कॅलीन क्यून', म्हणजे 'मुकी राहणारी मुलगी', ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागात नामांकन मिळवणारा पहिला आयरिश भाषेतला चित्रपट ठरला. या दोन्ही चित्रपटांचे छायाचित्रण केट मॅककला यांचे आहे. ज्या भाषेला आपल्या मोठ्या दुःखाची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगायला पावणेदोनशे वर्षे लागली, तिला ती संधी सरकारी पैशाने मिळाली. मराठी चित्रपटाला मिळणाऱ्या अनुदानावर आपल्याकडे होणाऱ्या चर्चांत हे उदाहरण मांडावे असे मला वाटते.

दुष्काळावर 'अरख्त'च्या आधी एक चित्रपट गाजला होता, लान्स डेली यांचा 'ब्लॅक ४७', २०१८ चा. त्यातही आयरिश ऐकू येते, पण तो मुख्यतः इंग्रजी बोलणारा, बंदुका आणि सूड यांचा चित्रपट आहे. 'अरख्त' त्याहून शांत आहे. ओ हेली यांनी या भूमिकेसाठी स्वतःचे शरीर झिजवले. कोलमानचा चेहरा सुरुवातीला भरलेला असतो आणि नंतर त्याच्या गालाची हाडे वर येतात, तेव्हा ती रंगभूषा नसते. कॅमेरा त्या शरीराकडे दया म्हणून पाहत नाही. हात काय करतात, पाय खडकावर कुठे पडतात, माणूस खायचे काय शोधतो, एवढेच दाखवत राहतो. किटी आल्यावर त्या हातांना दुसरे काम मिळते. कोणालातरी भरवायचे असले की माणूस जगतो, हे संवादांतून कोणी सांगत नाही. हा चित्रपटाचा सर्वांत उत्तम भाग आहे आणि मी तो पुन्हा पुन्हा पाहिला. कीला या वाद्यवृंदाचे संगीत इथे फार सांभाळून वापरले आहे. वारा आणि पाणी यांच्या मधे ते जागा मागून येते.

एक उणीवही सांगतो. पॅटसी परत येतो तेव्हा चित्रपट पुन्हा दोन माणसांच्या वैराकडे वळतो. तोवर जमवलेली ती भूक, ते मौन, ते किटीचे आजारी श्वास, या सगळ्याला एक खलनायक मिळतो, आणि खलनायक मिळाला की प्रेक्षकाला हायसे वाटते. मला ते नको होते. करप्याला चेहरा नव्हता, खजिन्याच्या कलमाला चेहरा नव्हता. शीर्षकातला राक्षस एकाच माणसात मावला असे वाटू लागले तर ते चित्रपटाचे नुकसान आहे. दिग्दर्शकाला हे कळत नव्हते असे मात्र नाही. राक्षस म्हणजे पॅटसी, की जमीनदार, की तो करपा, की उपाशी राहून राहून माणसाच्या आत जे जागे होते ते, हा प्रश्न तो शेवटपर्यंत उघडा ठेवतो. कोलमान स्वतःच्या प्रतिबिंबाकडे पाहावे तसा किटीकडे पाहतो, तिथे मला त्याचे उत्तर थोडे सापडले.

मृणाल सेन यांच्या 'अकालेर संधाने'ची इथे आठवण होते. १९८० च्या त्या बंगाली चित्रपटात एक चित्रपट-पथक १९४३ च्या दुष्काळावर चित्रपट करायला खेड्यात जाते, आणि आपली स्मिता पाटील त्यात नटी म्हणून आहे. पथक आल्यावर गावच्या बाजारात खाण्याचे जिन्नस महागतात, आणि दुष्काळाचे चित्रण करता करता तिथे थोडा दुष्काळच येतो. सेन यांचा प्रश्न होता: ज्यांनी भूक भोगली त्यांची गोष्ट भरल्या पोटाने कशी सांगायची? ओ सूलवान यांनी त्याला दिलेले उत्तर वेगळे आहे. ती गोष्ट त्यांच्या भाषेत सांगायची, आणि ती भाषा बोलणारी माणसे जिथे अजून राहतात त्या किनाऱ्यावर जाऊन सांगायची. भरले पोट भरलेलेच राहते. पण निदान 'पाणी दे', 'ऊब कर', 'घरी चल' हे शब्द तेच राहतात, जे १८४७ मध्ये त्या खडकांवर कोणीतरी कोणाला म्हटले असतील.

२०२२ च्या जनगणनेत आयर्लंडच्या प्रजासत्ताकात शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारी माणसे ७१ हजार ९६८ निघाली. चित्रपटाला मराठी उपशीर्षके असोत की इंग्रजी, माझी एवढी विनंती आहे: पहिली दहा मिनिटे खालची अक्षरे वाचू नका. चेहऱ्यांकडे पाहा आणि आवाज थोडा मोठा करून ऐका.